गोळीच्या मागं चालत जाणारा माणूस

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण नईमबद्दल चांगलं लिहिता लिहिता मी ते शेवटपर्यंत पुढं ढकलत राहीन, अशी मला माझीच भीती वाटते. चार हिवाळ्यांपूर्वी देवणीजवळच्या आमच्या शेतात मी एक गोळी झाडली आणि ती कुठं गेली हे बघायला गेलो नाही. माझ्याऐवजी नईम गेला. तो काय बघून आला, हे मी त्याला कधी विचारलं नाही... आणि आता विचारायला तो नाही.

नईमच्या बायकोचा, शाहीनभाभींचा फोन आला तेव्हा मी लातूरला ऑफिसात डबा उघडत होतो. नईम जुम्म्याची, शुक्रवार दुपारची नमाज पढून दुकानात आला, एक बंदूक पुसून कपाटात ठेवली, खुर्चीत टेकला, तो उठलाच नाही. भाभी चहा घेऊन आल्या तर मान कलली होती आणि हातात पुसायची चिंधी तशीच धरलेली होती. मी नांदेडला पोचलो, कब्रस्तानात सगळ्यांसारखी तीन मुठी माती दिली, त्याच्या धाकट्या भावाच्या, सलीमच्या, पाठीवर हात ठेवला आणि परत आलो. येताना गाडीत मला हलकं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं खरं. जी गोष्ट फक्त त्याला ठाऊक होती, ती त्याच्याबरोबर गेली असं मला वाटलं.

काही आठवड्यांनी भाभींचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, “दिलीपभाई, तुमची रायफल आमच्या दुकानात जमा आहे. तेवढी घेऊन जा.”

मी म्हणालो, “नेतो ना भाभी. कागदपत्रांची एवढी घाई नसते.”

“कागदाचं नाही हो. कपाटात काहीतरी वाजतंय. दुपारच्या टायमाला. दुकान बंद, कपाट बंद, आणि आतून घंटी वाजते. गायीच्या गळ्यात असते तसली.” मग म्हणाल्या, “तुम्हाला माहीत असेल म्हणून विचारते.”

मी म्हणालो, मला काही माहीत नाही. फोन ठेवला तेव्हा बाहेर कडक ऊन होतं, ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे लोक हसत होते.

नईमची आणि माझी ओळख कॉलेजातली. छात्रसेनेच्या नेमबाजीत आम्ही दोघं एका चटईवर पालथे पडायचो. त्याच्या घराण्याचं बंदुकांचं दुकान निजामाच्या काळापासूनचं, जुन्या नांदेडात, नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत. खाली दुकान, वर घर. त्यामुळं मुलांना तो मोठा नेमबाज वाटायचा. प्रत्यक्षात माझा नेम त्याच्यापेक्षा बरा होता आणि तो ते सगळ्यांना सांगत फिरायचा. “दिलीपचा डोळा चांगलाय,” म्हणायचा, “पायच आळशी आहेत.” कारण त्याचा एक नियम होता. गोळी झाडली की काडतुसं काढून बंदूक मोकळी करायची, खाली ठेवायची आणि जिथं गोळी लागली तिथपर्यंत चालत जायचं. ज्यानं झाडली त्यानं पुढं, बाकीच्यांनी मागं. दुर्बिणीतून बघून “लागली” म्हणायचं नाही. आजोबांनी लावलेली सवय, म्हणायचा. उठताना गुडघे झटकत तो दर वेळी एकच बोलायचा, “चल, भेटून येऊ.” पुढं आमच्या नेमबाजी क्लबानं गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत रेंज केली. मागं मुरुमाचा उभा कडा, समोर तीनशे मीटर मोकळं. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा पाच गोळ्या झाल्या की नईम चालायला लागायचा. तापलेल्या खाणीत हवा थरथरते, लांबचं माणूस कमरेपासून वितळल्यासारखं दिसतं. तो चालत लांब गेला की त्याचे पाय आधी नाहीसे व्हायचे, मग धड, आणि नुसतं डोकं त्या थरथरीवर तरंगत राहायचं. आम्ही त्यावरून त्याची थट्टा करायचो. आता ते चित्र आठवलं की थट्टा सुचत नाही.

मला स्वतःची रायफल घ्यायची झाली ती रानडुकरांमुळं. देवणीकडची आमची जमीन बटाईनं दिलेली. हरभऱ्यात, ज्वारीत डुकरं शिरायची आणि सकाळी पीक असं लोळवलेलं असायचं की जणू कुणी त्यावर झोपून गेलंय. वनखात्याकडून रीतसर परवानगी मिळत होती, माझ्याकडं परवाना होता. पण खरं सांगायचं तर डुकरं हे निमित्त होतं. त्या वर्षी मला मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघायचं वेड लागलं होतं. तिकडं कोल्ह्यासारखा कोयोटी नावाचा प्राणी असतो. माणसं माळावर पालथी पडून त्याला चारशे-पाचशे मीटरवरून टिपतात, आणि मग कुठली रायफल, कुठलं काडतूस, वाऱ्यानं किती सरकलं, याची तासभर चर्चा करतात. मला तसली रायफल हवी होती. शेतातही चालेल आणि खाणीत तीनशे मीटरच्या कागदावरही चालेल अशी एकच.

नईमनं काउंटरवर तीन काडतुसं उभी केली. पहिलं पॉइंट टू-टू, तुरीच्या शेंगेपेक्षा लहान. दुसरं थ्री-फिफ्टीन, बोटाएवढं जाड, बुटकं. तिसरं थर्टी-ओ-सिक्स, लांब, निमुळतं, चकचकीत. मी सरळ तिसऱ्याला हात घातला.

“थांब की जरा,” तो म्हणाला. “कागदावर मारायचंय ना, तर ही लहान घे. धक्का नाही, आवाज नाही, स्वस्तात सराव होतो. डुकरासाठी ही जाड. जड गोळी, हळू जाते. शंभर मीटरवर नेम लावून ठेवला तर तीनशेवर दोन हात खाली पडते.”

“म्हणूनच नको. तीनशेवर नेमच धरता येत नाही.”

“धरूच नको ना. तिथपर्यंत मारायचं कशाला? डुकराला जवळ येऊ दे. ही गोळी लवकर थकते, जमिनीत जाते. तुझ्या शेताला तीच बरी.”

“आणि ही?”

त्यानं तिसरं काडतूस उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. “ही थकत नाही. सरळ जाते, तीनशेवर हातभरसुद्धा पडत नाही म्हण. निशाण्यासाठी एक नंबर. पण दिलीप, ही तुझ्या शेतात मावत नाही रे. हिला थांबायला दोन-तीन गावं लागतात. तुला डुक्कर मारायचंय की बिदरला निरोप पाठवायचाय?”

मी त्याला व्हिडिओ दाखवला. त्यानं तो शांतपणे बघितला. मग पडद्यावर बोट ठेवलं, कोल्ह्यावर नाही, कोल्ह्याच्या मागं. “तिकडं बघ. जनावरामागं डोंगर आहे, आणि डोंगरापलीकडं कुणी नाही. तुझ्या डुकरामागं बाया खुरपायला बसल्यात. आपलं रान मोकळं दिसतं, मोकळं नसतं.”

“तू दुकानदार आहेस का मौलवी?”

“दोन्ही नाही. दुकानदार असतो तर महागडी विकली असती.” तो हसला. मी ऐकलं नाही. दोन महिन्यांनी ती रायफल त्यानंच मागवून दिली, त्यानंच दुर्बीण बसवली, खाणीत माझ्याबरोबर पालथा पडून तिचा नेम लावून दिला. माझ्या पाच गोळ्या तीनशे मीटरवर तळहाताएवढ्या जागेत लागल्या. कागद आणायला तो माझ्यासोबत चालत आला. कागद हातात घेऊन म्हणाला, “मस्त आहे. इथंच राहू दे हिला. शेतात नेऊ नको.”

मी नेली. हट्टानं त्यालाही नेलं. आदल्या संध्याकाळी देवणीत मुक्काम करून सकाळी दिवस उगवल्यावर आम्ही बांधावरच्या दगडी कट्ट्यावर बसलो. धुकं होतं. आमचं शेत समोर हळूहळू चढत जातं आणि टोकाला कण्यासारखा एक उंचवटा आहे. त्याच्या पलीकडं दुसऱ्या गावाचं शिवार लागतं. त्या सकाळी उंचवट्याच्या मागं नुसतं पांढरं होतं, जणू जमीन तिथं संपतच होती. आणि त्या पांढऱ्यातून एक घंटी वाजत होती. फार लांबून, सावकाश... जनावर चरता चरता मान हलवतं तशी. आम्ही आलो तेव्हापासून ती चालू होती.

नईमनं थर्मासचा चहा ओतला. “पलीकडं कुणीतरी आहे.”

“लई लांब आहे ते,” मी म्हणालो.

मग उंचवट्यावर डुक्कर आलं. एकटं, मोठं, धुक्यात काळं. दुर्बिणीत ते इतकं जवळ आलं की त्याच्या पाठीचे उभे केस दिसले. त्याच्याखाली जमीन होती, मागं काहीच नव्हतं. नईम कुजबुजला, “नको. कण्यावर आहे ते. खाली उतरू दे.” मी दम धरला. ते उतरलं नाही. वळलं आणि माझ्याकडं बघत उभं राहिलं, असं मला वाटलं. “दिलीप, नको,” तो पुन्हा म्हणाला, आणि त्याचा हात माझ्या खांद्यावर येतोय हे कळत असतानाच मी चाप ओढला.

आवाज शिवारभर फिरून आला. डुक्कर जागेवर नव्हतं. माती उडाली नाही, ओरडणं नाही, पळण्याचा आवाज नाही. पाखरं गप्प झाली होती. आम्ही दोघं ऐकत होतो. काय ऐकतोय हे कळायला मला वेळ लागला. घंटी थांबली होती.

नईमनं रायफल माझ्या हातातून घेतली, मोकळी केली, कट्ट्यावर ठेवली. उठला, गुडघे झटकले. “चल, भेटून येऊ.”

मी म्हणालो, “चुकली गोळी. मातीत गेली.”

“मग मातीला भेटून येऊ. चल.”

“मला दहाला लातुरात पोचायचंय. साहेब येणारेत.” साहेब खरंच येणार होते. पण मी उठलो नाही ते त्यांच्यासाठी नाही. माझे पाय हलत नव्हते. नईमनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही... एखाद्या ओळखीच्या घराला अचानक कुलूप दिसावं तसं. मग तो एकटाच चालायला लागला. हरभऱ्यातून वर, कण्यापर्यंत, तिथं क्षणभर उभा राहिला, आणि पलीकडं उतरला. आधी पाय गेले, मग धड, मग डोकं.

धुकं विरलं, ऊन वर आलं, तरी तो येत नव्हता. मी कट्ट्यावर बसून होतो. आला तेव्हा त्याच्या बुटांना काळी माती होती आणि बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या, नुकत्याच धुतल्यासारख्या.

“काय होतं?” असं मी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, “काही नाही ना?”

तो म्हणाला, “काही नाही.”

त्यानंतर तो कधी माझ्याबरोबर खाणीत आला नाही. मी रायफल त्याच्याच दुकानात जमा केली. म्हणालो, लातुरात घरी ठेवायला जागा नाही. त्यानं काही न विचारता ती घेतली. मैत्री तुटली नाही. ईदला शीरखुर्मा यायचा, दिवाळीला मी जायचो, फोन चालू होते. पण प्रत्येक फोन ठेवताना तो म्हणायचा, “कधी येतोस? भेटून येऊ.” तो कुणाला भेटायचं म्हणतोय हे मला पुरतं कळत होतं. मी म्हणायचो, “येतो की, मार्च संपू दे.” असे चार मार्च संपले. दरम्यान मला ती घंटी ऐकू यायची. दिवसाढवळ्या, ऑफिसच्या जिन्यात, बँकेच्या रांगेत. ऐकू यायची म्हणण्यापेक्षा, ती थांबल्याचं ऐकू यायचं. सगळा गोंगाट चालू असताना एकाएकी काहीतरी बंद झाल्यासारखं वाटायचं आणि मी आजूबाजूला बघायचो.

भाभींच्या फोननंतर मी नांदेडला गेलो. दुकानाच्या परवान्यात सलीमचंही नाव आहे, त्यानं शटर उघडलं. दुपारची वेळ होती. भाभी आतल्या जिन्यात उभ्या राहिल्या, खाली उतरल्या नाहीत. नईमची खुर्ची तशीच होती. आम्ही उभे असतानाच कपाटाच्या आत घंटी वाजली. हळू, सावकाश... जनावर मान हलवतं तशी. सलीमनं माझ्याकडं बघितलं आणि कपाट उघडलं. माझ्या रायफलच्या पट्ट्याला एक पितळी घंटी बांधलेली होती.

“शेजारची पिठाची गिरणी दुपारी सुरू होते,” सलीम म्हणाला, “तिनं कपाट हादरतं. तेवढंच आहे, भाभी.”

“गिरणी तर कधीची आहे,” जिन्यातून भाभी म्हणाल्या. “ते असताना कधी वाजली नाही.”

सलीमनं घंटी उलटी करून आत बोट फिरवलं. “भाईजान तिच्यात चिंधी कोंबून ठेवायचे. दर जुम्म्याला ही रायफल काढायचे, पुसायचे, घंटी पुसायचे, चिंधी परत आत घालायचे. त्या दिवशी घालायची राहिली.”

नईमच्या हातातली ती चिंधी आम्हा सगळ्यांनाच बंदूक पुसायची वाटली होती. मी त्याच्या खुर्चीचा दांडा धरून उभा राहिलो. भाभींनी विचारलं, “कुणाची घंटी आहे, दिलीपभाई? ते अधूनमधून देवणीला जायचे. मी समजायचे तुमच्याकडं जातात.”

मी त्यांना सगळं सांगितलं. तिथंच, उभ्या उभ्या. त्या जिना उतरून नईमच्या खुर्चीजवळ आल्या. म्हणाल्या, “घंटी घेऊन जा तुम्ही. रायफल राहू दे तोवर. आधी जाऊन या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कट्ट्यावरून निघालो. हरभऱ्यातून वर, कण्यापर्यंत. त्या दिवशी धुकं नव्हतं, तरी कण्यावर पोचेपर्यंत पलीकडचं काही दिसेना. माझ्या हातात घंटी होती, पावलागणिक वाजत होती. मी लोलक बोटांत धरला. पलीकडं उतारावर कडुनिंबाखाली एक गोठा होता, आमच्या कट्ट्यापासून कण्यापर्यंत जेवढं अंतर, जेमतेम तेवढंच पुढं. देवणी जातीची, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक गाय बांधलेली. साठीतला एक माणूस तिच्यापुढं कडबा टाकत होता. त्यानं आधी घंटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“नईमभाईंकडनं आलाव का?” त्यानं विचारलं.

“हो.”

“ते का आले न्हाईत औंदा?”

मी सांगितलं. तो खाली बसला. बसून त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माणिकमामा त्यांचं नाव. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली, मी विचारण्याआधी. त्या सकाळी ते गायीची मान खाजवत उभे होते. घंटीच्या पट्ट्याखाली गोचीड झाले होते, ते बघत होते. “माझा हात हितं हुता,” म्हणाले आणि स्वतःच्या मानेला हात लावला. “अन् ती एकदम जडच झाली. आवाज मागनं आला. मला वाटलं मीच मेलो.” थोड्या वेळानं कण्यावरून एक माणूस चालत आला. त्यानं गायीला बघितलं, माणिकमामांना बघितलं, त्यांचे हात-पाय चाचपून बघितले आणि म्हणाला, “गोळी माझ्या हातून सुटली. मी एकटाच होतो. तुम्ही म्हणाल तसं करू.”

आजच्या दिवसांत, त्या नावाच्या माणसानं, अनोळखी गावात, माझ्या हातून गाय मेली म्हणून सांगणं म्हणजे काय, हे वाचकांना मी समजावून सांगायला नको. एक हाक पुरली असती. माणिकमामांनी ती मारली नाही. “चालत आलता ना तो,” ते म्हणाले. “पळून गेला असता तर मी काय कुणाला हुडकणार हुतो? दोघांनी मिळून खड्डा केला. त्यानंच जास्त खांदला. गावात सांगितलं, पान लागलं, साप डसला म्हणून.” पुढच्या बाजाराला नईम उदगीरहून ही दुसरी गाय घेऊन आला. घंटी तिच्या गळ्यात घालायला माणिकमामांच्या मालकीणबाई तयार होईनात. ऐकवत नाही म्हणाल्या. तेव्हा नईमनं ती मागून घेतली. नंतर वर्षातून दोन-तीनदा तो यायचा, कडुनिंबाखाली बसायचा, चहा प्यायचा. “कायतरी बोलायचं हाय असं वाटायचं,” माणिकमामा म्हणाले, “पर बोलायचा न्हाई. कण्याकडं बघत बसायचा. कुणाची वाट बघतोय जनू.”

मी उभाच होतो. म्हणालो, “मामा, गोळी त्याची नव्हती. माझी होती. तो नको म्हणत होता.”

त्यांनी वर बघितलं. “मग तुमी कुठं हुता?”

“पलीकडं. कट्ट्यावर बसलो होतो.”

त्यांनी कण्याकडं बघितलं. गाय कडबा खात होती, तेवढाच आवाज होता. ते म्हणाले, “चार वर्सं?” मी मान हलवली. मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले. “मला न्हाई,” म्हणाले. “मी त्याला खुनी समजून चहा पाजला हो. माफी त्याची मागा आधी.” मग त्यांनी माझ्या हातातली घंटी घेतली, उलटी करून आत बघितलं, आणि उठून ती गायीच्या गळ्यात बांधली. मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी अडवलं नाही.

रायफल आता माझी नाही. परवान्यासह सरकारजमा करून टाकली. दुकानात त्या कपाटाचा तो कोपरा सलीमनं मोकळा ठेवलाय. खुर्ची भाभींनी हलवू दिलेली नाही, तिच्या दांड्यावर चिंधी धुऊन वाळत घातलेली असते.

त्या सकाळी परत येताना मी कण्यावर थांबलो. मागं उतारावर घंटी वाजत होती, सावकाश. पुढं माझं शेत, आणि त्याच्या टोकाला तो कट्टा. इथून तो फारच जवळ दिसत होता. कट्ट्यावर कुणी बसलेलं असतं तर त्याचा चेहरा दिसला असता, उठायला तयार नसलेला. नईमला चार वर्षं तो इथून दिसत असणार. माझ्या मागच्या ढेकळांवर कुणीतरी चालत येऊन थांबल्यासारखं वाटलं. मी वळून बघितलं नाही. ज्यानं झाडली त्यानं पुढं असायचं. मी मोठ्यानं, शेतात कुणी ऐकलं तर ऐकू दे अशा आवाजात बोललो.

“नईम, गोळी माझी होती. भेटून आलो. फार उशीर केला मी... मला माफ कर.”